बाहेरची बाजू

"खांबांचा वरचा वाकडा भाग बाहेरच्या बाजूला घ्या हं, नबीसाब," सोसायटीचे अध्यक्ष महादेवप्पा म्हणाले.

"बाहेर म्हंजी कुटली बाजू, सायेब?"

"कुटली म्हणजे? तुमची!" ते हसले. नबीसाबही हसला. काम देणाऱ्याच्या विनोदाला हसायचं असतं.

पडक्या भिंतीच्या जागी लोखंडी खांब, जाळी आणि वर काटेरी तार. सोलापूरच्या चारी दिशांना कुंपणं घालण्यात नबीसाबचं आयुष्य गेलं होतं. पण आपल्याच गल्लीच्या तोंडावर तार ओढायची वेळ पहिल्यांदा आली होती. भिंतीला पूर्वी इथं खिंडार होतं. त्यातूनच त्याची बायको रशीदा आणि पलीकडे सोसायटीत राहणाऱ्या विजयमालाकाकू यांची वाट्यांची देवघेव चालायची. इकडून शिरखुर्मा, तिकडून धपाटे. वाटी कधी रिकामी परतली नाही. घरात काही नसलं तर काकू चिमूटभर साखर घालायच्या. "रिकामं भांडं देऊ नये गं," म्हणायच्या.

म्हणून काकूंच्या परसाशी त्यानं जाळी खांबाला भिडवली नाही. वाटी धरलेला हात जाईल एवढी फट ठेवली. अध्यक्षांच्या नजरेत ती आली नाही.

उन्हं उतरल्यावर काकू आल्या. हातात रशीदाची वाटी होती, तिचं नाव कोरलेली, ईदला गेलेली. त्यांनी ती फटीतून पुढं केली. फट कामाला आली, असं नबीसाबच्या मनात आलं. मग वाटी हाताला हलकी लागली. घासूनपुसून लख्ख. कोरडी.

"एवढी फट राहिलीय बघा," काकू म्हणाल्या. "तीही बुजवून टाका. मीटिंगमध्ये कुंपणाचं मीच काढलं होतं. मुलगा तिकडं पुण्यात, मी एकटी. भीती वाटते हो."

"कुनाची, काकू?"

काकूंनी पदर सारखा केला. "तसं नाही. तुम्ही तर घरचेच."

पण त्या हलल्या नाहीत. नबीसाबनं पक्कड घेतली, जाळी खांबाशी ओढली, तारेला पीळ दिला. एके ठिकाणी ढिली राहिली होती. काकूंनी बोटानं दाखवली. त्यानं तीही आवळली.

"रशीदाला विचारलंय म्हणून सांगा," असं म्हणून त्या आत गेल्या.

कोपऱ्यावरच्या दुकानात नबीसाबनं वाटी पुढं केली. "मूठभर साखर घाल हितं."

"पुडी बांधून देतो की, चाचा."

"वाटीतच घाल."

घरी रशीदानं साखर बघितली आणि तिचा चेहरा खुलला. "देखो जी, मैं बोली थी ना? तारां से क्या होता?"

"हौ," म्हणत तो मोरीपाशी हात धुवायला बसला. तार लागून तळवा फाटला होता.

रशीदानं साखर डब्यात ओतली, वाटी विसळली आणि पुढच्या खेपेला हाताशी असावी म्हणून फळीवर सगळ्यात पुढं ठेवली.