हार घातलेला सर्व्हर

आमच्या नाशिकच्या कॉलेजात जुने संगणक जोडून आम्ही लिनक्सचा क्लस्टर उभा केला होता. सामायिक डिस्क एका सर्व्हरवर. बाकीचे संगणक, म्हणजे नोड, आपापलं गणित करायचे आणि उत्तरं त्या डिस्कवरच्या 'निकाल' फोल्डरमध्ये टाकायचे. २००४ च्या दसऱ्यानंतर एक नोड आडवा झाला, आणि नेमका योगिनीचा.

योगिनी माझी विद्यार्थिनी, देवळा गावची. कांदाचाळीत, म्हणजे कांदे साठवायच्या लांबट शेडमध्ये, वारा कसा खेळतो, याचं लांबलचक गणित तिने त्या नोडवर लावलं होतं. तिचे वडील नाथाआबा नवी चाळ बांधत होते. चाळीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची की दक्षिणोत्तर, हे पोरगी सांगेल म्हणून त्यांनी गवंडी अडवून धरला होता. भाऊबंद खदाखदा हसत होते. आज मात्र गवंडी सामान घेऊन आलाच होता, आणि इकडे 'निकाल' रिकामा.

"नोडची डिस्क पुसा आणि सगळं नव्याने बसवा," विभागप्रमुख म्हणाले.

असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. नोड बंद पडला होता तो त्याची स्वतःची डिस्क गच्च भरली म्हणून. पण फायली मोजल्या तर निम्मीसुद्धा भरत नव्हती. न दिसणारं सामान जागा कशी अडवतं? मला आता जेवणही सुचेना.

"दसऱ्याला मशिनं बंद केली होती ना? परत सुरू कोणी केली?" मी योगिनीला विचारलं.

"नोड मीच केले, सर. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले, आणि लगेच माझं गणित लावलं. सर्व्हर तेवढा प्राचार्यांच्या हस्ते सुरू करायचा होता."

"मग?"

"ते सासुरवाडीला, मनमाडला गेले होते. सुट्टी संपवूनच आले. तोवर सर्व्हर हार घालून तसाच बंद."

मला हसूच फुटलं. सर्व्हर बंद, म्हणजे सामायिक डिस्क जोडलेलीच नाही. पण नोडवर 'निकाल' नावाचा रिकामा फोल्डर होताच. गणिताने मुकाट्याने त्यातच, नोडच्या स्वतःच्या डिस्कवर लिहायला सुरुवात केली. मग प्राचार्यांनी बटण दाबलं, आणि आम्ही त्याच फोल्डरवर सामायिक डिस्क आणून जोडली. सतरंजीवर गादी टाकावी तशी. खालचं सगळं झाकलं गेलं, आणि गणिताने आधीच खालचा फोल्डर उघडलेला असल्याने ते डिस्क भरेपर्यंत खालीच लिहीत राहिलं.

"पुसलं असतं तर?" योगिनीने विचारलं.

मी खुर्ची पुढे ओढली. जोडलेली डिस्क सोडवली आणि फोल्डर पुन्हा उघडला. फायलींची रांग पडद्यावर धावत सुटली. योगिनी अक्षरशः किंचाळली. शेवटचा थोडा भाग राहिला होता, पण उत्तर स्पष्ट होतं: दक्षिणोत्तर.

ती मात्र फोनला हात लावेना. आबांनी कंटाळून सकाळीच पूर्व-पश्चिम पायाचा चर खणून घेतला होता. त्यांना आता कसं सांगायचं, तेही भाऊबंदांसमोर? मी फोन तिच्या पुढ्यात सरकवला.

"गवंडी बठेल शे. बोल," पलीकडून आबांचा अहिराणीतला आवाज आला; गवंडी तिकडे बसून होता.

"आबा, दक्षिणोत्तर," ती कशीबशी म्हणाली.

मग आबा तिकडे कुणाला तरी ओरडून म्हणाले, "चर बुजा!"

का, ते त्यांनी विचारलंच नाही. योगिनी रिसीव्हर कानाला लावून रडत होती, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं.