शिशिरसाठी लौकी

दीपमालाला लौकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, तिटकारा होता. बेचाळीस वर्षांत तिनं ती ताटाला शिवू दिली नव्हती. ऑफिसातून पुरानी बस्तीत घरी परतताना बुढा तलावाजवळ गरम भजी खाल्ल्याशिवाय तिचा दिवस सरत नसे.

पण धाकट्या भावाचं, शिशिरचं, लिव्हर निकामी झालं आणि घरात रक्तगट जुळला तो एकट्या तिचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे. आठ आठवडे तेल-साखर बंद करा, वजन उतरवा, मगच त्यातला तुकडा घेता येईल.

दुसऱ्या दिवसापासून उकडलेली लौकी, मोडाचे मूग आणि ज्वारीची भाकर सुरू झाली. पहिला आठवडा ती नाक दाबून गिळत होती. दोनदा घास उलटून पडला. त्यांची आई, कुसुमताई, समोर बसून नुसती बघत राहायची. एका लेकरासाठी आपण दुसऱ्याला उपाशी मारतो आहोत असं तिला वाटे.

शिशिर पलंगावरून पाहायचा. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले.

"ताई, माझ्यापायी तू काहून हे खाऊन राहिली?" तो एकदा म्हणाला.

"मले आवडून राहिलं," तिनं ठोकून दिलं.

मग ते खोटं निभावणं आलं. ती लौकी किसून जिऱ्यावर परतू लागली, मुगावर लिंबू पिळू लागली, सावकाश चावू लागली. पाचव्या आठवड्यात एका दुपारी तिच्या ध्यानात आलं, की आपण डब्याची वाट पाहतो आहोत. भाकरीतली गोडी जिभेला कळत होती. तिनं घरी येऊन शिशिरला सांगितलं. तो क्षीण हसला आणि कशी लागते ते पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

सातव्या आठवड्यात तिचा रिपोर्ट चांगला आला. ऑपरेशनची तारीख ठरली. त्या तारखेच्या सहा दिवस आधी शिशिरच्या पोटात संसर्ग झाला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेरवीला पुऱ्या, वडे, बुंदी झाली. आईनं स्वतः ताट वाढून आणलं.

"खाय माय. आता कोनासाठी उपाशी राहतं?"

अर्धी पुरी खाल्ल्यावर तेल टाळूला चिकटलं. दीपमालाला खरोखर भूक लागली होती, ती लौकीची. तिला त्या भुकेचीच लाज वाटली. तिनं हळूच विचारलं, घरात लौकी आहे का.

आईनं तिच्या ताटात आणखी एक पुरी वाढली. मग म्हणाली, "ते घरात नको आणू आता. मले पाहवत नाही."

त्यानंतर आई रोज काही ना काही तळू लागली. दीपमाला एक खायची आणि आईचा चेहरा पाहून आणखी एक घ्यायची. जेवण झालं की दोघी मिळून भांडी आवरत आणि शिशिरच्या खोलीकडे न पाहता आतल्या खोलीत जाऊन पडत.