उजव्या हाताची नखं

स्वतःची नखं स्वतः रंगवणाऱ्या प्रत्येक बाईला एक गोष्ट ठाऊक असते, जी कुठल्याच व्हिडिओत कुणी धडपणे सांगत नाही: डावा हात झकास होतो आणि उजवा बिघडतो. डाव्याला रंगवतो तो सरावलेला उजवा. आणि उजव्याच्या वाट्याला येतो तो डावा, ज्याने जन्मभर कांदा धरून ठेवण्यापलीकडे फारसं काही केलेलं नसतं. पार्लरमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे समोर दुसरं माणूस बसलेलं असतं. मी पार्लरमध्ये जात नव्हते. सिल्वासात पार्लरांना तोटा नाही, पण तिथल्या मुली हात हातात घेतला की आधी गुजरातीत आणि मग हिंदीत विचारायला लागतात, लग्न झालंय का, मुलं किती, मिस्टर कोणत्या कंपनीत, आणि माझी उत्तरं पहिल्याच प्रश्नाला संपतात.

मी मूळची नाशिकची. नऊ वर्षांपूर्वी गलोंड्याच्या एका धागा बनवणाऱ्या कंपनीत प्रयोगशाळेत लागले आणि आता तिथली प्रमुख आहे. माझं काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक रिळाचा थोडा धागा घेऊन त्याचा मोजा विणायचा, तो रंगवायचा, त्यात हात घालून दिव्याखाली धरायचा आणि बघायचं, रंग सगळीकडे सारखा बसलाय की मध्येच एखादा पट्टा फिका राहिलाय. दिवसाला दीडेकशे मोजे होतात. ह्या कामात नखं गुळगुळीत लागतात, नाहीतर धागा अडकून ओढला जातो, म्हणून मी आधी साधं जेल नेलपॉलिश लावायला लागले. आणि मग एक दिवस फोनवर एका मुलीची आरशासारखी नखं पाहिली आणि, का कोण जाणे, ती मला हवीशी वाटली. सदतिसाव्या वर्षी असले शौक सुचावेत ह्याची मला जरा लाजच वाटली होती, पण विचारणारं कोण होतं?

सामान वापीहून कुरिअरने आलं: जेल सुकवायचा छोटा यूव्ही दिवा, काळं जेल, वरून द्यायचा पारदर्शक टॉप कोट, मऊ स्पंजाच्या काड्या आणि डबीत चिमूटभर राखाडी पावडर. रविवारी दुपारी जेवण उरकून मी सामरवरणीच्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर टॉवेल पसरला. नखं घासायची, बेस लावून दिव्यात धरायची, काळ्याचे दोन हात द्यायचे, प्रत्येक वेळी दिव्यात मिनिटभर, मग टॉप कोट, तो अर्धा मिनिट सुकला की लगेच पावडर चोळायची. ती पावडर चोळताना जे होतं ते बघण्यासारखं असतं. राखेसारखी दिसणारी ती पूड काळ्यावर घासता घासता अचानक उजळते आणि नखात खिडकी दिसायला लागते, गजांसकट. शेवटी पुन्हा टॉप कोट, नखाच्या कडेवरून ब्रश फिरवून, नाहीतर दोन दिवसांत पापुद्रे निघतात. डाव्या हाताची पाच नखं पाहून मी एकटीच हसले. मग उजवा हात केला. कंपनीत तसा मोजा माझ्याकडे आला असता तर मी सगळा माल परत पाठवला असता.

पुढचा रविवारही तसाच गेला. तिसऱ्या रविवारी डावा हात पुरा करून मी उजवा टॉवेलवर ठेवला, एवढ्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा, जुईचा फोन आला. स्पीकर लावून मी खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले: सासूचा गुडघा, मुलीचं गॅदरिंग, नवा सोफा. शेवटी तिने विचारलं, "आणि तुझं काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही, मजेत." फोन ठेवून मी खाली पाहिलं, तर उजव्या हाताची पाचही नखं तयार होती.

बोलता बोलता माझ्याच हाताने झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस फोनवर असताना काय काय करतं, भाजी निवडतं, कपड्यांच्या घड्या करतं. पण माझा डोळा नऊ वर्षं एकाच कामाला जुंपलेला आहे, तो गप्प बसेना. मी डाव्या हाताने रंगवते तेव्हा ब्रश तिरका येतो आणि नखाच्या एका कडेला जेलचा थर जाड होतो. इथे थर सारखा होता, समोर बसून कुणी सरळ ओढावा तसा, आणि कडाही नीट झाकलेल्या होत्या. आणि फोन झाला होता नऊ मिनिटांचा. एका हाताला, कितीही घाई केली तरी, वीस मिनिटं लागतात.

त्याच्या पुढच्या रविवारी मी उजवा हात टॉवेलवर ठेवून त्याच्याकडे टक लावून बसले. अर्धा तास काहीही झालं नाही. मला माझंच हसू आलं. मग कंपनीतली सवय आठवली. रंगाकडे फार वेळ बघायचं नसतं, डोळा फसतो, म्हणून आम्ही दोन सेकंद बघून मान फिरवतो. मी खिडकीकडे तोंड केलं. समोरच्या बांधकामावर घमेली घेऊन बाया चढत होत्या. आणि माझ्या मनगटाखाली कुणीतरी हात घातला.

घाबरले नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. हात थंड होता, पण फार हलका होता. त्याने माझा अंगठा दोन बोटांत धरला, जरासा वळवून पाहिला आणि काम सुरू केलं. शेवटचा माझा हात कुणी धरला होता तो जुईच्या लग्नात चुडा भरायला आलेल्या कासाराने, आणि त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर नाडी बघतात, तेवढंच. मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि ढसाढसा रडले, आणि तो हात मी थांबेपर्यंत थांबला.

मग ते आमचं ठरूनच गेलं. रविवारी तीनच्या सुमाराला मी डावा हात पुरा करायची, समोर खुर्ची ठेवायची आणि मान फिरवायची. हळूहळू मी बोलायलाही लागले. आठवडाभरात कोण काय म्हणालं, कुणाचा माल मी परत पाठवला आणि तो कसा चडफडला, असं काहीबाही. उत्तर येत नसे. पण कधी मी काही फार आतलं बोलले, तर धरलेलं बोट जरा दाबलं जाई. एवढ्यावर माझे सोमवार ते शनिवार निघत होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

खालच्या मजल्यावर दुर्गा राहते. शिरपूरकडची, पंचविशीची, नवरा प्लास्टिकच्या कंपनीत सुपरवायझर. नऊ वर्षांत मी सोसायटीत कुणाशी फार बोलले नव्हते, पण एकदा जिन्यात मी कठडा धरला होता आणि तिने सरळ माझा हातच धरला.

"काय भारी चमकी राहिले ताई! कोणाकडून केले?"

"घरीच. मीच करते."

"डावा तुम्ही केला असंल." तिने नखं उजेडात फिरवली. "उजवा कोणी केला?"

"मीच केला."

"मस्करी करता काय. मी लग्नाआधी पार्लरमध्ये होते. स्वतःचा उजवा असा कोणाचाच होत नाही." मग ती म्हणाली, "रविवारी मी येऊ का? मी करून देईल. ह्यांची डबल शिफ्ट असते, मी बी एकटीच भिंतीकडं पाहत बसते."

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. रविवारी ती आली, येताना वाटीत शेंगदाण्याची चटणी घेऊन आली, आणि बडबडत त्या समोरच्या खुर्चीत बसली. तिचा हात गरम होता, थोडा खरबरीत, आणि त्याला लसणाचा वास होता. तिने माझं पहिलं बोट धरलं.

"ढिला सोडा ना ताई हात. ओढता कशाला?"

मी ओढत नव्हते. माझा हात टॉवेलवरून हळूहळू भिंतीच्या बाजूला सरकत होता. दुर्गाने हसत तो पुन्हा आपल्याकडे घेतला, तो पुन्हा सरकला. तिने दोन्ही हातांनी धरला, आणि मग तिचं हसू गेलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. तीन नखं झाली होती. तिने बाटलीचं झाकण नीट लावलं.

"गॅसवर डाळ ठेवून आली मी," ती म्हणाली. दारात चपला घालता घालता वळली. तिचा आवाज लहान झाला होता. "पुढच्या वेळी तुम्हीच खाली या ताई. माझ्याकडं करू. याल ना?"

पुढचे तीन रविवार कुणीही आलं नाही. मी खुर्ची ठेवली, मान फिरवली, बोलूनही पाहिलं. हात टॉवेलवर पडून राहिला. शेवटी डाव्या हाताने जे जमेल ते फासलं, आणि सोमवारी कंपनीत त्या नखांना धागे अडकत राहिले. दुर्गा मात्र दर रविवारी खालून फोन करायची, "येता ना ताई?", आणि मी काहीतरी सबब सांगायची. मला कळत होतं काय करतेय ते. एक जिवंत, बोलकी, गरम हातांची मुलगी मला बोलवत होती, आणि मी एका न दिसणाऱ्या हाताचा रुसवा निघायची वाट बघत होते. पण दुर्गा उद्या बदली होऊन जाईल, तिला मूल होईल, तिला माझा कंटाळा येईल. त्या हाताला माझ्याशिवाय कुणी होतं असं मला वाटत नव्हतं.

चौथ्या रविवारी मात्र मी मन घट्ट केलं. दुर्गाला म्हटलं, चार वाजता येते, चहा टाक. सामान पिशवीत भरलं. फक्त टॉवेल तेवढा टेबलावर राहिला होता. तो उचलायला गेले, आणि मनात आलं, निघण्याआधी एकदा, शेवटचं. मी बसले, उजवा हात ठेवला, खिडकीकडे पाहिलं आणि म्हटलं, "मी खाली चालले आहे. आता नाही येणार मी इथे बसायला."

बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या तळहातात कुणीतरी आपला हात ठेवला. ह्या वेळी त्याने माझी बोटं धरली नाहीत. तो पालथा, सैल पडून राहिला, जसा मी माझा इतके रविवार ठेवत आले होते तसा. मला समजायला क्षणभर लागला. इतके दिवस त्याने माझी नखं केली होती, आणि त्याची कुणी केली नव्हती.

माझं सगळं मन भरून आलं. डाव्या हाताने मी पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. चार वाजून गेले. सव्वाचारला दारावर टकटक झाली.

"ताई? चहा निवला ना माझा. येता ना?"

"आज नाही जमत गं दुर्गा."

"बरं नाही का?"

"नाही, तसं नाही." मी तळहातातला हात सावरला. "माझ्याकडे कुणीतरी आलंय."

 बाहेरून ती म्हणाली, आणि तिला खरंच आनंद झाला होता, "हां का? बरं झालं ताई. बसा निवांत. मी परत नाही येत मध्ये." तिच्या चपला जिना उतरत गेल्या आणि खाली दार लागलं.

मी त्याचं पहिलं बोट चाचपलं. नख बरंच वाढलेलं होतं, कितीतरी वर्षं कुणी कापलं नसावं इतकं, आणि टोकाशी वळलेलं. रंगवायच्या आधी ते कापायला हवं होतं. "थांब हं, आलेच," असं म्हणून मी आतून नेलकटर आणायला उठले, तर हात सुटेना.