भिंतच म्हणतायत

अंडं बसच्या काचेवर नेमकं ताईंच्या नाकासमोर फुटलं. ताई मागे सरकल्या नाहीत. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, घाण बाहेरच्या बाजूला आहे हे लक्षात आल्यावर तो परत घडी करून ठेवला आणि ओघळणारा बलक बघत बसल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती आणि सगळी मिळून एकच शब्द ओरडत होती. दोन अक्षरी, अगदी ठेक्यात.

दोन सामन्यांच्या फायनलमधला पहिला सामना आठवड्यापूर्वी घरच्या मैदानावर झाला होता आणि तो तीन-दोन असा जिंकला होता. आता या परक्या मैदानावर एकही गोल खाल्ला नाही की करंडक आपला, इतका सरळ हिशोब. पण ते दोन गोल कसे खाल्ले होते ते साऱ्या जगाने पाहिलं होतं. एक गोलकीपरच्या हातांमधून गेला, दुसरा पायांमधून. तेव्हापासून संघातले सगळे त्याच्याशी जपून बोलत, नापास होऊन घरी आलेल्या पोराशी बोलावं तसं.

हा सव्वासहा फुटी गोलकीपर, ज्याला सगळे लांब्या म्हणत, ताईंच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"ताई, काय म्हणतायत हे?"

ताई संघाच्या दुभाषी होत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. शिवी असेल तर शिवी, टोमणा असेल तर टोमणा, जसाच्या तसा. कोच तर म्हणायचे, या बाईंपुढे वैतागायचीसुद्धा सोय नाही. आणि हे शहर म्हणजे ताईंचं माहेर. याच भाषेत आईने त्यांना रागे भरलं होतं. तो दोन अक्षरी शब्द त्या आईच्या स्वयंपाकघरातच शिकल्या होत्या. त्याचा अर्थ चाळणी. पीठ चाळायची.

"भिंत," ताई म्हणाल्या.

"भिंत?"

"आमच्याकडे चांगल्या कीपरला भिंत म्हणतात. धसका घेतलाय तुझा."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शब्द बदलला होता. लांब्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तो उठला, मान वाकवून काचेपाशी गेला आणि बाहेरच्या गर्दीला छान हसून हात हलवला.

मागच्या सीटवरचा विंगर, ज्याला भिंगरी म्हणत, त्याने ही बातमी अख्ख्या बसला सांगितली. मग काय, सगळेच हात हलवायला लागले. बाहेरचा ठेका क्षणभर चुकला, आणि मग डझनभर अंडी एकदम आली.

हॉटेलात लिफ्ट दुरुस्तीला काढली होती आणि संघाच्या खोल्या आठव्या मजल्यावर होत्या. गरम पाण्याचा पत्ता नव्हता. मालकाची हौस मात्र दांडगी. चमच्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, साबणावरसुद्धा त्याने हॉटेलचं चिन्ह उमटवून घेतलं होतं, शिडाचं एक छोटंसं जहाज.

"पाणी नाही, पण जहाज आहे," भिंगरी म्हणाला.

जेवायला लांब्या सगळ्यांच्या शेवटी आला, तोही स्वयंपाकघराच्या दारातून.

"तिकडे काय करत होतास?" ताईंनी विचारलं.

"भूक लागली होती. आत डोकावलो. आचाऱ्याशी खाणाखुणांनी गप्पाही झाल्या."

दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद होती. टेबलावर कोच, लांब्या आणि मध्ये ताई. पहिल्याच रांगेतला एक पत्रकार उठला, वळून आपल्या लोकांकडे बघून हसला आणि ताईंच्या भाषेत म्हणाला, "तुमच्या चाळणीला विचारा, उद्या किती भोकं घेऊन येणार?"

सभागृह खो-खो हसलं. ताईंनी पाण्याचा घोट घेतला.

"ते विचारतायत," त्या लांब्याला म्हणाल्या, "की भिंत उद्या किती टिकणार."

लांब्याने माइक जवळ ओढला. "त्यांना म्हणावं, या उद्या डोकं आपटायला."

या उत्तरातला एकही शब्द ताईंनी बदलला नाही. अगदी मोजून-मापून, आईच्या भाषेत, त्यांनी ते जसंच्या तसं समोरच्यांना ऐकवलं. कुणी हसलं नाही. ताईंना फार बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

बाहेरच्या बोळात यजमान क्लबचा व्यवस्थापक त्यांची वाट पाहत होता. संघाच्या दिमतीला दिलेला, दोन्ही भाषा समजणारा माणूस. दिमतीला म्हणजे नजर ठेवायला.

"चाळणीला भिंत म्हणतात होय? बाई, तुम्ही तर इथल्याच दिसता."

"इथलीच आहे."

"मग आमच्या लोकांना ओळखता. उद्या स्टेडियममध्ये घरोघरच्या चाळण्या येणार आहेत. हजारोंनी. तेव्हा त्याला काय सांगाल?"

"ते माझं मी बघेन," ताई म्हणाल्या. "तुम्ही आधी लिफ्टचं बघा."

तोऱ्यात बोलल्या खऱ्या, पण आठही मजले चढताना तोच प्रश्न डोक्यात होता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हेच होतं. एक खोटं बोलायला जमतं, पुढचं सुचत नाही. उद्या ऐन सामन्यात त्याला कळणार, आणि कळणार तेही पन्नास हजार लोकांसमोर. चाळणी म्हणून हसतायत, आणि आपल्याच ताईने आपल्याला फसवलं. त्यापेक्षा आजच सांगून टाकावं. त्यांनी संध्याकाळीच त्याचं दार वाजवलं.

लांब्या पलंगावर बॅग भरत होता. त्यांना पाहताच त्याने टॉवेल आत कोंबला आणि चेन ओढली.

"उद्या लोक काहीतरी हातात घेऊन येतील," ताई म्हणाल्या. "म्हणजे, मला तुला सांगायचं होतं की..."

"ताई, तुम्ही दमलाय. आठ मजले झालेत. पडा जाऊन."

"अरे, पण..."

"परवा सांगा."

तो इतक्या आपुलकीने म्हणाला, की ताई तशाच माघारी फिरल्या.

चाळण्या खरोखरच आल्या. दारावर तपासणीत पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, झेंड्यांच्या काठ्या सगळं काढून घेत होते. चाळण्यांना मात्र मोकळी वाट. दुपारच्या उन्हात स्टेडियमभर पत्रे चमकत होते. मैदानात उतरताना भिंगरी थबकला.

"ताई, हे काय आणलंय?"

ताई पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

"ऊन आहे ना," लांब्या मागून म्हणाला. "डोक्यावर धरायला. चल पुढे."

पहिला अर्धा वेळ कसाबसा गेला. गोल कुणाचाच झाला नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, आणि लांब्याच्या वाट्याला तो गोलपोस्ट आला ज्याच्या मागे यजमानांचे सगळ्यात कट्टर लोक उभे होते. तो शब्द आता आरोळी राहिला नव्हता. बेंचच्या मागे बसलेल्या ताईंना तो खुर्चीच्या लोखंडातून जाणवत होता. लांब्या शांतपणे चालत गेला. सगळे कीपर करतात तसं त्याने पाण्याची बाटली ठेवली, जाळीच्या मागच्या बाजूला टॉवेल अडकवला. मग त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि तो खाली टाकला.

जाळीला चाळणी लटकत होती.

तो शब्द लोकांच्या तोंडातल्या तोंडात राहिला. मग शिट्ट्या सुरू झाल्या, कान फाटतील अशा. रेफरीने तिकडे एकवार पाहिलं आणि खांदे उडवले. ताईंनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी फेकलेली याने उचलली असणार. संपलं. कळलं त्याला, आणि तेही अजून पंचेचाळीस मिनिटं उभं राहायचं असताना. यापेक्षा बसमध्येच खरं सांगितलं असतं तर त्याला दोन दिवस तरी मिळाले असते. आपणच त्याला असं तोंडघशी पाडलं.

पण लांब्या त्या चाळणीसमोर पाय रोवून उभा राहिला. एक फटका त्याने छातीवर घेतला. एक बोटांच्या टोकाने वर ढकलला. शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवरून यजमानांच्या उंच बचावपटूने डोक्याने चेंडू असा आपटला, की तो लांब्याच्या हातमोज्यांतून सुटला, त्याच्या पायांमध्ये पडला आणि हळूहळू रेषेकडे निघाला. अख्खं स्टेडियम उठलं. ताईसुद्धा उठल्या. लांब्या मागच्या मागे बसला, सव्वासहा फुटांचा सगळा माणूस त्या चेंडूवर बसला, आणि रेफरीची शिट्टी होईपर्यंत उठला नाही.

शून्य-शून्य. करंडक घेऊन बस निघाली तेव्हा रस्त्यावर पुन्हा तीच माणसं होती आणि तोच शब्द. लांब्या ताईंच्या शेजारी बसला आणि बॅगेतून चाळणी काढून त्याने ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही तुम्हाला."

"मी तुझ्याशी खोटं बोलले," ताई म्हणाल्या. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्यात त्राण नव्हतं. "आज तुला असं कळायला नको होतं."

"आज काय कळलं?"

ताईंनी चाळणी हातात फिरवली. पत्र्याच्या कडेवर काहीतरी उमटवलेलं बोटाला लागलं. त्यांनी ती उजेडाकडे धरली. शिडाचं एक छोटंसं जहाज होतं.

त्यांनी मान वर केली. लांब्या खिडकीबाहेर बघत होता.

मागून भिंगरीने सीटवर टेकून मान पुढे काढली. "ताई, अजून भिंतच म्हणतायत का?"

तेवढ्यात एक अंडं काचेवर फुटलं. ताईंनी चाळणी उचलली आणि बाहेरच्यांना नीट दिसेल अशी काचेला लावून धरली.

"हो," त्या म्हणाल्या. "भिंतच म्हणतायत."