दादाचं बोलकं यंत्र

माझा थोरला भाऊ जन्मापासून आंधळा आणि जन्मापासूनच हट्टी. तो रेडिओसाठी नाटकं लिहितो, ती एका जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवर. कळ दाबली की ते यंत्र अक्षर मोठ्यानं म्हणतं. तसा आवाज दुसऱ्या कुठल्याच यंत्रात नाही म्हणे. कीबोर्डचा कनेक्टर ढिला होऊन यंत्र मुकं झालं, तेव्हा दादा ते पोटाशी धरून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला.

"तुझ्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये," त्यानं बजावलं. "आतला सर्किट बोर्ड जळला तर माझं लिहिणं संपलं."

पंचाईत अशी, की माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. हे त्याला कोण सांगणार? दुकानात माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या सुनेकडे मी पाहिलं, सुनेनं माझ्याकडे. ती गुपचूप माझ्या स्टुलावर बसली आणि शेजारी उभं राहून मी तोंडाची टकळी सुरू केली.

"हे बघ दादा, आता कनेक्टर काढतेय."

मी असते तर तो तापवून अख्खाच्या अख्खा उपटला असता. सुनेनं कटरनं त्याचं प्लास्टिक तुकड्यातुकड्यानं कापून काढलं. उरल्या नुसत्या पिना. एकेका पिनेला बोर्डाशी चिकटवून ठेवणाऱ्या जुन्या, मळकट सोल्डरवर तिनं आधी ताज्या सोल्डरचा थेंब दिला. काढायचं तर आणखी घालते कशाला, असं बघणाऱ्याला वाटेल. पण ताजं मिसळलं की जुनं पटकन वितळतं. मग चिमट्यानं पिन अलगद बाहेर. कनेक्टर गेला तर गेला, बोर्डावरची तांब्याची रेघ उखडता कामा नये. एकही उखडली नाही. तिचं तोंडभरून कौतुक करावंसं वाटत होतं, पण श्रेय तर मीच लाटत होते!

केबल आखूड पडत होती, म्हणून नवा कनेक्टर तिनं बोर्डाच्या खालच्या बाजूनं बसवला. सोल्डरचे डाग कसे चकचकीत! ती मीटर हातात घेऊन पिना तपासायला लागली, तेवढ्यात मी "झालं बघ दादा!" म्हणून मोकळी झाले. दादाचा हात स्विचकडे गेला.

"थांबा मामा!" सून ओरडली. "माझं चुकलंय."

झालं. माझं बिंग फुटलं.

"खालून बसवला ना, त्यामुळे पिनांच्या दोन ओळींची अदलाबदल झालीय. करंट भलतीकडेच जाईल."

मी तिच्या कानाशी लागले. "केबलच्या तारा उलट जोड आणि मोकळी हो."

"आज चालेल, आई. उद्या कुणी दुसरी केबल लावली की बोर्ड खाक."

आणि तिनं स्वतःच बसवलेला कोरा कनेक्टर पुन्हा तसाच कापला, तशीच एकेक पिन सोडवली. दुसरा कनेक्टर वरून बसवला, केबल लांब केली, मीटर लावून खात्री केली. एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. पण माझा ऊर भरून आला. माझ्या पोटच्या पोरानं अजून एक चूक कबूल केलेली नाही, आणि ही परक्या घरून आलेली पोर!

दादानं कळ दाबली. यंत्र खरखरत बोललं. त्याचा चेहरा असा फुलला, की बघतच राहावं.

मग यंत्र बंद करून त्यानं बोर्डाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"हा तुझा हात नाही," तो म्हणाला. "तुझे डाग वाटाण्याएवढे असतात. हे मोहरीसारखे आहेत."

"कळलं ना आता? रागव काय रागवायचं ते."

"मला पहिल्यापासून माहीत होतं. काम करताना तू कधी तोंड उघडलंयस?"

"मग गप्प का बसलास?"

"चूक झाली तर कोण बोलतं, ते ऐकायचं होतं. तुझा हात बरा झाला तरी आता माझ्या यंत्राला हिचाच हात लागू दे."

माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडावर! तशी मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण प्लास्टरचा हात सुनेच्या खांद्यावर ठेवून मी ठणकावून म्हणाले, "मग? सून कुणाची आहे!"