तेजस्वी मॅडमची शिकवणी

रत्नागिरीत आज ज्या बायका बिनधास्त गाडी चालवतात, त्यांतल्या बऱ्याचजणी तेजस्वी सुर्वेचा ओरडा खाऊन तयार झालेल्या आहेत. बायकांना गाडी शिकवायचा तिचा क्लास आहे. गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक आहे, आणि तो कधी दाबायचा हे तिला समोरची म्हैस दिसायच्या आधी कळतं. मारुती मंदिरच्या सर्कलला एखाद्या शिकाऊ बाईने भर गर्दीत गाडी बंद पाडली, की तेजस्वी आधी बाटलीतलं घोटभर पाणी पिते आणि मग जे बोलते ते पुढच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जातं. "घाबरतेस कशाला? गाडी तुझी आहे, तू गाडीची नाहीस."

अशी ही तेजस्वी स्वतःच्या मुलाला हात लावायला घाबरली.

सातवा महिना चालू होता. तिचं ब्लडप्रेशर एकदम चढलं. थांबलं तर दोघांच्याही जिवाला धोका, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दुपारी शुभंकर जन्माला आला. वजन अकराशे ग्रॅम. तेजस्वीचा नवरा विनीत पाटबंधारे खात्यात क्लार्क, पण मासळीतला दर्दी. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं तसं त्याच्या तोंडून निघालं, "म्हणजे बेताच्या सुरमईएवढा." त्याची आई कमलाबाई राजापूरहून धावतपळत आली होती. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे आठवडाभर त्याने मासळीचं नाव काढलं नाही.

तेजस्वी स्वतःच काही दिवस अंथरुणाला खिळून होती. मूल तिने आधी विनीतच्या मोबाईलवर पाहिलं. मग एका सकाळी तिला व्हीलचेअरवर बसवून खालच्या काचेच्या खोलीत नेलं. पेटीत नळ्या होत्या, वायरी होत्या, एक लोकरीची टोपी होती, आणि या सगळ्याच्या मधोमध कुठेतरी तिचा मुलगा होता. तेजस्वीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर उचलून मशीनच्या आकड्यांवर लावली. तिथून ती हलेना. मशीन वाजलं की तिचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा.

"मॅडम, ओळखलंत का?" मास्कमधून एका नर्सने हळू आवाजात विचारलं. "मी राही शिवलकर. तुमची स्टुडंट."

तेजस्वीने लगेच ओळखलं. दोन महिन्यांपूर्वी थिबा पॅलेसच्या चढावर या राहीने गाडी मागे सोडून शहाळ्यांच्या हातगाडीला टेकवली होती. तेव्हा तेजस्वी भर रस्त्यात म्हणाली होती, "तुझ्या हातात स्टिअरिंग म्हणजे माकडाच्या हातात कोलीत." राही दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली होती. आता तेच हात शुभंकरच्या नाकातली काडीएवढी नळी सारखी करत होते.

"आता ही माझा सूड घेणार," तेजस्वी वर जाऊन विनीतला म्हणाली.

"सूड घेणारी बाई एवढ्या हळू बोलत नाही," विनीत म्हणाला.

राहीने सूड वगैरे काही घेतला नाही. बाळाचा श्वास जरा स्थिरावल्यावर तिने सांगितलं, "मॅडम, उद्यापासून बाळाला छातीशी घ्यायचं. कपड्याशिवाय, अंगाला अंग लावून. कांगारूसारखं."

"तो मोडेल."

"नाही मोडत."

दुसऱ्या दिवशी तेजस्वीला खोकला आला. तिसऱ्या दिवशी टाके दुखले. चौथ्या दिवशी तिने अमावास्या आहे असं सांगितलं. ते ऐकून कमलाबाईसुद्धा चकित झाली, कारण सून अमावास्येलाच नवी गाडी घरी आणणारी.

"आईला जमत नाही तोवर बाबांनी या," राही म्हणाली.

विनीत हात धुऊन, शर्टाची बटणं सोडून खुर्चीत रेलला. राहीने शुभंकरला त्याच्या केसाळ छातीवर ठेवलं, वरून दुपटं गुंडाळलं. पाच मिनिटांत विनीत घोरायला लागला. मशीनवरचा आकडा एकदा चढला आणि तिथेच ठाण मांडून बसला. राउंडला आलेले डॉक्टर थांबून बघत राहिले.

तेजस्वीला रडू येत होतं आणि रागही येत होता. "हा झोपला तरी पोराचा ऑक्सिजन वाढतो," ती सासूला म्हणाली, "आणि मी नुसती जवळ गेले तरी मशीन बोंबलतं."

"अगो, त्याच्या घोरण्याने मी इतकी वर्षं जागी आहे," कमलाबाई म्हणाली. "कोणाला तरी उपयोग झाला म्हणायचा."

तेजस्वीचं म्हणणं मात्र खरं होतं. दुसऱ्या दिवशी तिने हिय्या करून पेटीचं दार उघडलं आणि विचारलं, "काय रे शुभंकर, ओळखलंस का आईला?" तिच्या मते हळूच विचारलं. शेजारच्या पेटीजवळची आई दचकली. शुभंकरने पाची बोटं फाकवून हात वर केला, त्याला उचकी लागली, मशीन वाजलं, आणि तेजस्वीने जोरात फरशी दाबली.

राहीने मशीन शांत केलं. "मॅडम, त्याला तुमचा राग नाही आला. हात असा पसरला की तो थांबा म्हणतोय. तोंड फिरवलं, जांभया दिल्या, तरी तेच. एका वेळी एवढं सगळं त्याला झेपत नाही."

तेजस्वी बघत राहिली. "ट्रॅफिक हवालदारासारखा?"

"तसाच. आणि हात तोंडाशी नेऊन शांत बघत राहिला, की या पुढे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तेजस्वीशी कोणीतरी तिला समजेल असं बोललं होतं. तिने पेटीचं दार हळूच लावलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी तुला फार बोलले."

"माकड म्हणालात."

"कोलीतही म्हणाले."

"हो. मी घरी जाऊन सांगितलं, तीच माझी चूक. आमचे हे आता मला कोलीतच म्हणतात."

दोघी हसल्या, पण अगदी हळू, कारण शुभंकर बघत होता.

त्याच दुपारी तेजस्वी खुर्चीत बसली. खांदे कानाला लागलेले, कोपरं बाहेर, हात स्टिअरिंग धरल्यासारखे ताठ. राहीने मशीनच्या तोंडावर टॉवेल टाकला.

"अगं, आकडे?"

"आकडे मी दुसरीकडून बघते. तुम्ही त्याच्याकडे बघा. गिअरकडे बघत गाडी चालवायची नसते, असं कोण सांगतं? खांदे सोडा. श्वास घ्या."

एवढंसं ऊबदार ओझं तेजस्वीच्या छातीवर आलं. तिच्या पर्समध्ये याहून जास्त वजन असायचं. त्याचा एक पाय तिच्या पोटाला गुदगुली केल्यासारखा लागला, डाळिंबाच्या दाण्याएवढी बोटं. हे बोट हलतं, म्हणजे आत कोणीतरी आहे, असं तिला एकदम वाटलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, तेव्हा ते तसंच वाहू दिलं. बाळाशी बोलायचं असतं म्हणतात, पण तिला अंगाई येत नव्हती. म्हणून ती कुजबुजत त्याला रस्ता सांगू लागली. मारुती मंदिरावरून उतरायचं, सावकाश, पुढे शाळा आहे, पोरं मध्ये येतात, मग भाट्याच्या पुलावर वारा असतो, काच अर्धी वर घ्यायची. पूल संपायच्या आधीच शुभंकर झोपला.

दोन तासांनी विनीत आला. "दे आता. माझी पाळी."

"तू घरी जाऊन घोर," तेजस्वी म्हणाली. राहीला मध्ये पडावं लागलं.

दोन महिन्यांनी शुभंकर घरी आला तो दोन किलोचा. तेजस्वीचा आवाज त्याच्यामुळे जो खाली गेला तो वर आलाच नाही. क्लासला आल्यावरही ती इतकी हळू बोलायला लागली की शिकाऊ बायका जास्तच घाबरल्या. मॅडम ओरडत नाहीत म्हणजे आपण अगदीच हाताबाहेर गेलो, असा त्यांचा समज झाला. राही परत शिकायला आली आणि दुसऱ्या खेपेला लायसन्स घेऊन गेली.

घरी खरी कसोटी कमलाबाईची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याचं वय मोजताना लवकर आल्याचे अडीच महिने वजा करायचे. शेजारच्या चिमाकाकूंचा नातू साधारण त्याच सुमाराचा. तो पालथा पडून घरभर फिरायला लागला होता.

"तुमचा किती महिन्यांचा झाला?" चिमाकाकूंनी विचारलं.

"जन्माने पाच. तसा अडीच."

"मग यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही खरी. एक सरकारी, एक डॉक्टरांचं," कमलाबाई म्हणाली. "तुमचा पाळीने आला. आमचा रांग मोडून पुढे घुसला, म्हणून परत मागे उभा केलाय."

तेजस्वीला मात्र वेगळीच काळजी लागली होती, आणि ती तिने कोणालाही सांगितली नव्हती. शुभंकर पहिल्यांदा हसला तो पंख्याकडे बघून. मग आजीकडे, मग गॅसवाल्याकडे. तिच्याकडेही हसायचा, पण गॅसवाल्यापेक्षा फार जास्त नाही. कोणीही उचललं तरी खुशाल जायचा. जन्मापासून इतक्या हातांतून फिरलेलं पोर. या सगळ्यांतली आई कोण, हे त्याला कसं कळणार, असं तिला गाडी चालवताना मध्येच वाटायचं.

सरकारी वय वर्षाला टेकलं तेव्हा तपासणीसाठी सगळी मंडळी शमिका डॉक्टरांकडे गेली. मुलांची वाढ बघणाऱ्या या डॉक्टर त्याला पहिल्यांदाच भेटत होत्या. त्यांनी शुभंकरला बसवलं, खुळखुळा दिला, पाय वाकवून पाहिले. बसतोय, पण अजून कलतो. डावा पाय थोडा ताठ आहे, व्यायाम करून घ्या, घाबरण्यासारखं आत्ता काही दिसत नाही, असं त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वॉचमन वर आला. तेजस्वीच्या गाडीने ॲम्ब्युलन्सची वाट अडवली होती. गाडी शिकवणाऱ्या बाईने असं करावं हे तिला स्वतःलाच लागलं. शुभंकरला सासूच्या मांडीवर देऊन ती घाईने बाहेर पडली.

दार लागलं आणि आतून किंकाळी आली.

असा रडलेला शुभंकर तिने कधी ऐकला नव्हता. ती कॉरिडॉरमध्येच थांबली. आत कमलाबाई "अरे बाबू, मी आहे ना" म्हणत होती, डॉक्टर खुळखुळा वाजवत होत्या, विनीतने शर्टाची वरची दोन बटणंही सोडली असावीत. कशाचाही उपयोग होत नव्हता. तेजस्वी भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिच्या तोंडभर हसू पसरलं.

बाकावर बसलेला एक म्हातारा तिच्याकडे रागाने बघत म्हणाला, "बाई, पोर रडतंय तुमचं."

"हो," तेजस्वी म्हणाली. "माझंच आहे."

ती आत गेली. शुभंकरने तिच्याकडे अंग टाकलं, ओढणी मुठीत धरली आणि नाक तिच्या खांद्याला पुसलं.

"परक्यांना घाबरायला लागला," डॉक्टर म्हणाल्या. "या वयात हे चांगलंच आहे. आपलं माणूस कोणतं ते कळायला लागलं."

"परकी म्हणजे मी?" कमलाबाईने विचारलं.

"तुम्ही नाही हो आजी, मी."

"पण होता तो माझ्या मांडीवर."

वॉचमनने परत दार वाजवलं. तेजस्वीने मुलाला खाली ठेवायचा प्रयत्न केला आणि पुन्हा किंकाळी आली. तिने किल्ली विनीतच्या हातात दिली. विनीतला गाडी येत नाही, हे रत्नागिरीत फारसं कोणाला माहीत नाही.

"न्यूट्रलला टाक, हँडब्रेक काढ आणि ढकल," ती हळू आवाजात म्हणाली.

मग ती शुभंकरला कडेवर घेऊन खिडकीशी गेली. खाली विनीत आणि वॉचमन वाकून गाडी ढकलत होते आणि कमलाबाई पायरीवरून दोघांना सूचना देत होती. शुभंकर हुंदके देत देत बघत राहिला.