निळी पडलेली पूड

देवस्थळी सरांच्या प्रयोगशाळेत एक दंडक होता. पूड पांढरीशुभ्र झाल्याखेरीज मोजमापाला घ्यायची नाही. म्हणून वृंदा टायटॅनियम ऑक्साइड साफ करायला हायड्रोजनमध्ये तापवी, ते निळसर पडे, आणि मग ती मुकाट्याने हवेत भाजून त्याला पुन्हा पांढरं करी. त्यावरून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडले की कार्बन डायऑक्साइड ढिम्म! आत गेला तसाच बाहेर. कार्बन डायऑक्साइड फोडायचा या ऑक्साइडात दम नाही, असं सरांनीच पूर्वी छापलं होतं. वृंदाने मात्र हट्टाने तोच विषय पीएचडीला घेतला. आता सोमवारी समिती येऊन तो बंद करणार होती.

शनिवारी पूड निळी होऊन निवली आणि वीज गेली. १९७४च्या कलकत्त्यात याचं नवल कुणाला? वीज परतली तेव्हा दुपार कलली होती. भाजणं आणि मोजणं, दोन्हीला वेळ उरला नव्हता, आणि रविवारी वीज असेलच याचा भरवसा नव्हता. ‘दंडक गेला खड्ड्यात,’ म्हणत तिने निळीच पूड नळीत भरली आणि दोन्ही वायू सोडले.

बाहेर येणारा वायू ओळखणाऱ्या यंत्राच्या आलेखावर पेन वर चढलं. कार्बन मोनॉक्साइड! रविवारी तिने त्यातलीच अर्धी पूड भाजून पांढरी केली आणि लावून पाहिली. पेन जागचं हललं नाही. तिला आनंद झाला, आणि लगेच सरांचा छापलेला लेख आठवला. हे सरांना सांगायचं कोणत्या तोंडाने?

ती संध्याकाळी सरांच्या घरी गेली. सर कलकत्त्यातच जन्मलेले, मराठी जपून बोलत. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले.

“असं कसं झालं?”

“हायड्रोजन थोडा ऑक्सिजन काढून नेतो सर, तिथे जागा रिकामी पडते. कार्बन डायऑक्साइड त्या जागेवर अडकून वाकतो, एक ऑक्सिजन तिथेच टाकतो आणि मोनॉक्साइड होऊन सुटतो. त्या ऑक्सिजनचं हायड्रोजन पाणी करून नेतो, की जागा पुन्हा मोकळी. आपण भाजून ती बुजवत होतो.”

सरांनी निळ्या पुडीचा आलेख पुन्हा हातात घेतला.

“माझीही निळी पडायची,” ते म्हणाले. “मला वाटायचं, आपल्या हातून घाण झाली. लाज वाटून भाजायचो.”

वृंदाला वाईट वाटलं. “सर, मी समितीला काय सांगू?”

“हेच सांग. विषय बंद करायची आता त्यांची टाप नाही.”

“आणि तुमचा लेख?”

“तो चुकला होता, असं मीच छापतो. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे.”